शिवमूर्तीअप्पांचं पार्सल

ताडकळसच्या बाजारात दावी-कासरे विकणाऱ्या शिवमूर्तीअप्पांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. पुण्याच्या लेकीनं त्यांना कानाचं मशीन कुरिअरनं पाठवलं. ते दोनदा परत गेलं. शेरा एकच : ‘ग्राहक फोन उचलत नाही.’

तिसऱ्या वेळी अप्पा स्वतःच परभणीच्या कुरिअर ऑफिसात गेले. पार्सल टेबलावरच होतं.

“माझंच हाय, द्या की.”

“आधी फोनवर खात्री करावी लागती,” कारकून कानाशी ओरडला आणि त्यानं नंबर लावला.

अप्पांच्या खिशात फोन वाजत राहिला. ते शांतपणे कारकुनाकडं बघत बसले. कारकुनानं फोन ठेवला आणि वहीत तोच शेरा लिहिला.

अप्पांनी तो वाचला, पार्सल काखेत मारलं आणि बसस्टँडची वाट धरली. मागून कारकून बराच वेळ हाका मारत होता.