सुमीचं नाव घेतलं तो गुरुवार

आधीच सांगून टाकते, मी या सदरातल्या गोष्टी वाचते त्या चुका काढायला. चौतीस वर्षं मास्तरकी केली, खोड जात नाही. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या खांद्यावर गार हात पडतो... मला लाल पेन घेऊन बसावंसं वाटतं. आणि आमच्या घरात तर असलं काही चालायचंच नाही. छप्पन सालानंतर आजोबांनी देव्हारा रिकामा केला, आणि बाबांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून दारासमोर टांगल्या. नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. शेजारच्या काकू मला म्हणायच्या, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून फिरू नकोस, काहीतरी लागेल. बाबा म्हणायचे, "हिला काय लागतंय, लागलं तर तेच पळून जाईल." तर अशा घरातली मी. माझ्याबाबतीत जे घडलं ते मी आजवर तीन माणसांना सांगितलंय. तुम्ही चौथे.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. आम्ही कर्जतला राहायचो, रेल्वेच्या चाळीत. बाबा रेल्वेत पॉइंट्समन. आई आधीच गेलेली. मी खोपोलीच्या एका शाळेत नुकतीच लागले होते, आणि माझ्या पाठची सुमन, म्हणजे सुमी, एकोणीस वर्षांची, घरी. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. मॅट्रिकनंतर शिक्षण सुटलं. दिवसभर कॉटवर उशीला टेकून बसायची, आणि तिच्या उशाशी असायचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर.

आता ऐका. सुमीला वेड होतं जपानी गाण्यांचं. हसू नका, आम्ही खूप हसून झालोय. शॉर्टवेव्हवर काटा फिरवताना तिला एकदा टोकियोहून येणारा हिंदी कार्यक्रम सापडला, आणि आमचं घर बाटलं. दर गुरुवारी संध्याकाळी पावणेआठला. आधी तिकडच्या टीव्हीवर चाललेल्या एखाद्या मालिकेची गोष्ट सांगायचे, मग श्रोत्यांची पत्रं, मग फर्माइशी गाणी. आम्ही टीव्ही जेमतेम पाहिलेला, तोही दुकानाच्या काचेतून. पण सुमीला त्या मालिकेतली सासू कशी दिसते, किमोनो कुठल्या रंगाचा, सगळं ठाऊक असल्यासारखं. सुनेला सासूनं बर्फात पाणी आणायला पाठवलं तर ही इथे जेवायची नाही. गाण्यांचे शब्द ऐकू येतील तसे देवनागरीत वहीत उतरवायची आणि भाजी निवडताना म्हणायची. चाळीतल्या पोरी म्हणायच्या, सुमीला झटका आलाय.

"काय कळतंय गं तुला त्यातलं?" बाबा विचारायचे.

"तुमाला बुद्धवंदना पालीतली कळती सगळी?"

बाबा विषय बदलायचे. पण मनातून खूश असायचे. बुद्धाचा देश हाय, ऐकू दे, असं म्हणून त्यांनी रेडिओसाठी बुद्धाच्या तसबिरीखालीच फळी ठोकून दिली. कार्यक्रम सांगणारा माणूस जपानी होता, हिंदी मात्र इतकं शुद्ध बोलायचा की आपल्यालाच लाज वाटावी. सुमी त्याला काकासान म्हणायची, तिकडे ‘जी’ला सान म्हणतात. मला ताईसान. मी चिडायचे, म्हणून जास्तच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दूर देशाचं केंद्र ऐकणारे लोक त्या केंद्राला रिपोर्ट पाठवत. कुठे ऐकलं, किती वाजता, आवाज कसा होता, खरखर किती, आणि कार्यक्रमात नेमकं काय काय लागलं. वेळ आपली नाही, ग्रीनिचची लिहायची. पावणेआठ म्हणजे सव्वादोन. केंद्रवाले तो रिपोर्ट आपल्या नोंदीशी ताडून बघत आणि जुळला तर छापील कार्ड पाठवत. सुमीकडे अशी अकरा कार्डं होती. या बाबतीत ती भलती कडक. जे ऐकू आलं नाही तिथे रेघ मारायची, अंदाजानं एक शब्द लिहायची नाही. मी म्हणायचे, अगं, कोण बघतंय? ती म्हणायची, "मी बघते ना."

पण कार्डांवर तिचं समाधान नव्हतं. तिला हवं होतं की काकासाननं तिचं पत्र वाचावं, तिचं नाव घ्यावं आणि तिचं गाणं लावावं. एका गायिकेचं संथ गाणं होतं, बंदरावर वाट बघणाऱ्या बाईचं. त्यासाठी तिनं पत्र पाठवलं होतं. ते मला दाखवलं नाही, स्वतःच पाकीट चिकटवून बाबांकडे टपालात टाकायला दिलं. त्याला तीन महिने होऊन गेले होते. दर गुरुवारी ती श्वास रोखून बसायची आणि दर गुरुवारी कुणा गोरखपूरच्या, कुणा धनबादच्या माणसाचं नाव यायचं. "धनबादवाल्यांना काय कामंधंदे नायत का?" असं म्हणून रेडिओ बंद करायची.

त्या मार्चमध्ये तिचे पाय सुजले. झोपली की दम लागायचा, म्हणून बसूनच झोपायची. माझी शाळा खोपोलीत, म्हणून तिथल्याच एका दवाखान्यात ठेवलं. चाळीतल्या दोघीतिघींनी डोंगरातल्या भगताचं नाव सुचवलं. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेले तर सुमी तयारच बसलेली. "ताई, साडेसहाच्या गाडीनं घरी जा. पावणेआठला लाव. आज येणार बघ माझं पत्र. सगळं लिहून आण, काय बी सोडू नको." मी म्हटलं, इथेच थांबते तुझ्याजवळ. नाही म्हणाली. ढकललंच मला.

खाली डॉक्टरांनी आत बोलावलं. भले माणूस होते, पण असं बोलायचं कसं ते त्यांनाही येत नव्हतं. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, मुंबईला नेऊन आता उपयोग नाही. ऑपरेशन झेपणार नाही तिला. घरी न्या, जे आवडतं ते खाऊ घाला. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवसच.

मी खोपोली स्टेशनवर आले आणि बाकावर बसले. साडेसहाची गाडी समोर उभी होती. ती सुटली. मी बसूनच. मला उठताच येईना. घड्याळ समोर होतं, सात वाजलेले दिसले, साडेसात दिसले, पावणेआठ दिसले. आता घरी रेडिओ लागायला हवा होता हेही डोक्यात आलं. पण मी मनातल्या मनात एकच वाक्य घोकत बसले होते — सुमे, लवकर बरी हो, लवकर बरी हो. कुणाला सांगत होते कोण जाणे, आमच्यात देव नाही. पुढच्या गाडीनं घरी पोचले तेव्हा कार्यक्रम कधीच संपला होता. बाबा ड्यूटीवर होते. चाळीत बाकी कुणी ते केंद्र लावत नसे. रेडिओला मी हातही लावला नाही, हे नीट लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात शिरले आणि सुमी काही विचारायच्या आत बोलून गेले, "आलं गं तुझं नाव."

गाडी चुकली म्हणाले असते तर का चुकली ते सांगावं लागलं असतं. हे आपलं मला नंतर सुचलेलं कारण. तेव्हा तोंडातून निघालं, एवढंच.

मग काय, उलटतपासणी सुरू. किती वाजता? पत्राच्या वेळेला पहिलंच, आठ वाजता. काय म्हणाला? महाराष्ट्र के कर्जत से सुमन जी. गाणं तेच? तेच, पण मध्येच रेकॉर्ड अडकली, त्यानं माफी मागून पुन्हा पहिल्यापासून लावली. हे मी का घातलं? खोट्याला जरा वजन यावं म्हणून, दुसरं काय. आणि शेवटी? सुमीनं विचारलं. शेवटी काय म्हणाला?

"म्हणाला, सुमन जी, आप जल्दी अच्छी हो जाइए."

सुमी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रिपोर्टचा फॉर्म दे." दम लागत असताना तिनं रिपोर्ट स्वतः लिहिला. सव्वादोन, आवाज पाचापैकी चार, पत्र, नाव, गाणं, अडकलेली रेकॉर्ड, सगळं. आणि निवेदकाचं शेवटचं वाक्य या जागी तिनं रेघ मारली.

"ते राहिलं की," मी म्हटलं.

"राहू दे."

रिपोर्ट मीच टपालात टाकला. फाडून टाकायचं मनात आलं होतं, हात धजला नाही. त्यांच्या नोंदीशी तो जुळणार नव्हताच. पण उत्तर यायला दोन महिने लागणार होते, आणि दोन महिने कुणाकडे होते?

आम्ही तिला घरी आणलं. पुढच्या गुरुवारी तिनं रेडिओ लावायला सांगितलंच नाही. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी मी तिला भाताची पेज भरवत होते, तर तिनं चमचा बाजूला केला.

"ताई, त्या पत्रात मी आजाराचं लिवलंच नव्हतं गं. दया करून गाणं लावलेलं नको होतं मला. मग बरी हो असं तो कशाला म्हणेल?"

मी वाटी खाली ठेवली.

"राग नाय आला. तू किती छान सांगत होतीस. म्हणून लिवून घेतलं." मग म्हणाली, "पण आता खरं सांग. नाय ना आलं माझं नाव?"

मला वाटलं, या पोरीला आता आणखी फसवायचं नाही. एवढी तरी लाज असावी माणसाला. मी म्हटलं, "नाही आलं गं, सुमे. मी ऐकलंच नाही. स्टेशनवर बसून होते."

ती "बरं" म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून बसली. पेज खाल्ली नाही. बुधवारी सकाळी ती गेली.

मे महिन्याच्या अखेरीस पोस्टमननं पाकीट आणून दिलं, सुमीच्या नावाचं. बाबा घरीच होते. मला ठाऊक होतं काय असणार, आभार मानून कळवलं असणार की रिपोर्ट जुळत नाही. उघडलं. आत कार्ड होतं. तारीख त्याच गुरुवारची, वेळ सव्वादोन, आणि खाली शिक्का, की आपला रिपोर्ट आमच्या नोंदीशी जुळतो.

बरोबर एक चिठ्ठी होती. काकासानची. हिंदीत, पाटीवर गिरवल्यासारख्या मोठ्या अक्षरात. ती माझ्याजवळ आहे. मराठीत सांगते. "सुमन जी, रेकॉर्ड अडकली याबद्दल पुन्हा क्षमा मागतो. माझ्या शेवटच्या वाक्यापुढे तुम्ही रेघ मारली आहे, कदाचित तेव्हा आवाज क्षीण झाला असेल. मी म्हटलं होतं की आप जल्दी अच्छी हो जाइए. तुमच्या पत्रात आजारपणाचा उल्लेख कुठेच नव्हता. हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं ते मला समजत नाही, सहकाऱ्यांनीही विचारलं. तुम्हाला वाईट वाटलं नसेल अशी आशा करतो. तुम्ही ठीक आहात ना? पुढच्या पत्रात जरूर कळवा."

मी बाबांना वाचून दाखवली. मग खोपोलीच्या बाकापासून सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पोरीचं नाव आलं व्हतं." म्हटलं, हो. "आणि तू तिला नाय म्हणालीस." म्हटलं, हो. त्यांनी टोपी घातली आणि ड्यूटीवर गेले. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही, मरेपर्यंत.

चिठ्ठीला मी उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार?

माझा एक भाचा, मामेबहिणीचा मुलगा, सायन्सवाला आहे. तो म्हणतो, मावशी, ही केंद्रं सगळ्यांनाच कार्ड पाठवायची, कोण ताडून बघतंय. बरं. मग ते वाक्य? ते तर रिपोर्टमध्ये नव्हतंच, तिथे रेघ होती. तो म्हणतो, योगायोग. असेल. मीही दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर हेच म्हटलं असतं, आणि लाल पेनानं गोल काढला असता. चाळीस वर्षं झाली, मला त्याहून बरं काही सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, पण भूतबित म्हणू नका, मला पटत नाही.

आणि खरं सांगू का, ते कसं घडलं याच्याशी मला आता फारसं देणंघेणं उरलेलं नाही. मी सुमीशी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, ते शब्दन् शब्द खरं होतं. तसंच राहू दिलं असतं तर चाललं असतं. मी खरं सांगायला गेले, आणि ती दोन दिवस भिंतीकडे बघत बसून गेली.