स्तामेनकाकांचा कुलूपबंद लॅपटॉप

वाचनघरातला संगणक तिसऱ्यांदा मान टाकून बसला तेव्हा मी स्तामेनकाकांना फोन केला. खरं तर जिवावर आलं होतं. माणूस अडुसष्ट वर्षांचा, गुडघे कामातून गेलेले, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. पण पुस्तकं, नाचाचे वर्ग, म्हाताऱ्या बायकांचं गाणं असं सगळं वाचनघर मी एकटी ओढते, आणि आमच्या खोऱ्यात संगणकाला हात लावणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. शिकली ती सगळी राजधानीत, सोफियाला गेली, नाहीतर जर्मनीला.

दुपारच्या बसने आले. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत जुना लॅपटॉप.

"तुझं ते धूड भंगारात टाक, रुमियाना," म्हणाले. "यात सगळं नव्याने बसवून देतो."

लॅपटॉप मी बघताक्षणी ओळखला. काकांच्या बायकोचा, जेनोवेवाकाकूंचा होता. मी चहा टाकायला गेले.

धरण बांधणाऱ्या कंपनीच्या कचेरीत काका टाइपरायटर दुरुस्त करायचे आणि काकू टाइप करायच्या. लग्न तिथेच जमलं. काकू बेलोद्रेनच्या. ते गाव त्याच धरणाच्या पोटात गेलं, आणि घरं रिकामी करा म्हणून गावाला गेलेली पत्रं काकूंनीच टाइप केलेली. स्वतःच्या आईच्या नावाचंसुद्धा. याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. पुढे कंपनी बंद पडली, टाइपरायटर गेले, काकांच्या हाताला काम उरलं नाही. मग आमच्याच कपाटातलं एक जाडजूड रशियन पुस्तक नेऊन ते संगणक शिकले. गेली पंधरा वर्षं अकरा गावांतून लोकांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर ती फुकटची, सगळ्यांची मिळून असलेली सिस्टिम बसवत फिरतात. तीही माऊस न लावता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एकेक आज्ञा हाताने लिहायची आणि थांबायचं. अर्धा दिवस जातो. एकदा मी विचारलं होतं, की लोक चित्रांवर टिचक्या मारून वीस मिनिटांत बसवतात, मग तुम्हालाच काय धाड भरली आहे?

"टिचक्या मारून बसवलेलं बिघडलं की कुठे बिघडलं ते कळत नाही," म्हणाले. "मी बसवलेलं बिघडलं की चूक माझी असते, आणि ती मला सापडते."

तर पेनड्राइव्ह लावून ते खुर्चीत टेकले. चहात दोन चमचे मध घातला, आणि ढवळायचा विसरले.

"कीबोर्ड कुठला ठेवू? नव्या पद्धतीचा ना?"

"नाही. टाइपरायटरचा."

"तूही तिचीच चेली," ते पुटपुटले. "सगळं जग कळांवरच्या लॅटिन अक्षरांच्या आवाजावरून आपल्या लिपीतलं अक्षर शोधतं, आणि तुम्ही दोघी साठ वर्षांपूर्वीच्या जागा धरून बसलात."

मला टायपिंग काकूंनीच शिकवलं. कीबोर्डवर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, आता लिही. या भांडणात त्यांच्या घरात वर्षंच्या वर्षं गेली.

काका आज्ञा लिहीत गेले. मग यंत्राने विचारलं, डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, खात्री आहे का? असेल तर मोठ्या अक्षरांत होकार लिहा. काकांची बोटं वर उचलली ती तशीच राहिली.

"काका, काकूंचं पुस्तक यातच आहे ना?"

निवृत्त झाल्यावर काकू बेलोद्रेनचं लिहायला बसल्या होत्या. एकेक घर, त्यात कोण राहायचं, अंगणात काय होतं. पुरं होईपर्यंत कुणी वाचायचं नाही म्हणून काकांकडून डिस्कला कुलूप घालून घेतलं. त्या गेल्या आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"यातच आहे," काका म्हणाले. "दोन वर्षं प्रयत्न केले. आता दमलो मी, पोरी. पुसून टाकतो."

"पासवर्ड सांगितलाच नाही का त्यांनी?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"सांगितला. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. मी म्हटलं, काय आहे ग? म्हणाली, दुसरं काय असणार, माझं गाव. मी घरी येऊन बेलोद्रेन लिहिलं. उघडेना. लहान अक्षरांत, मोठ्या अक्षरांत, पुढे सन घालून, सगळं करून बघितलं. नाहीच." मग आवाज खाली गेला. "मी वाचू नये असं वाटलं असणार तिला. धरणाच्या कंपनीचा माणूस ना मी. जाता जाता खोटं बोलली माझ्याशी."

मला त्यांचा राग आला. असलं काही पोटात धरून हा माणूस दोन वर्षं गावोगाव लोकांची यंत्रं चालू करत फिरत होता, आणि कुणापाशी एक शब्द काढला नव्हता.

"कुलूप घातलंत तेव्हा पासवर्ड कुणी लिहिला?"

"तिनेच. मी तोंड फिरवून उभा होतो."

"कळांकडे न बघता लिहिला असणार."

"ती कधी बघायची?"

"आणि कीबोर्ड कुठला होता?"

"तेव्हा कसला कीबोर्ड," ते वैतागून म्हणाले. "सुरुवातीला यंत्राला नुसती लॅटिन अक्षरं कळतात. तिच्या टाइपरायटरच्या जागा मांडायच्या राहिल्या. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काही उमटतही नाही, त्यामुळे…"

दोघांनाही एकदमच कळलं. काकूंची बोटं टाइपरायटरच्या जागांवर पडली होती. यंत्राने त्या जागांवरची लॅटिन अक्षरं उचलली होती, आणि तो अर्थ नसलेला गोळाच पासवर्ड होऊन बसला होता. काका दोन वर्षं गावाचं नाव बरोबर लिहीत होते, चुकीच्या कळांवर.

त्यांनी आज्ञा रद्द केली, पेनड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा चालू केलं. कुलुपाचा प्रश्न आला.

"तू लिही," म्हणाले. "मला त्या जागा येत नाहीत."

मी डोळे मिटले आणि काकूंनी शिकवलं तसं बेलोद्रेन लिहिलं. क्षणभर काही झालं नाही. मग पांढऱ्या ओळी भराभर धावायला लागल्या.

फाइल समोरच होती. दोनशे चौदा पानं. मी उघडायला गेले तर काकांनी माझा हात धरला.

"नंतर," म्हणाले. "म्हणजे ती खरं बोलली होती."

"हो, काका."

"चूक माझीच होती."

परतीची चारची बस वाचनघरासमोर थांबली आणि निघून गेली. काका जागचे हलले नाहीत.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि चार ओळींचा कागद दारावर, बसथांब्यावर लावतात, आणि मग दर वर्षी त्याच तारखेला लावतात. काकूंचा काकांनी पहिल्या वर्षी लावला नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. गावाने तोंडसुख घेतलं. मीही घेतलं, खोटं कशाला सांगू.

"तुझ्या प्रिंटरमध्ये कागद आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे."

"मग दोन वर्षांचा लिही. पहिल्या वर्षाचाही लिही. दोन्ही लावू."

"काका, तारखा उलटून गेल्यात."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मीच घालवल्या."