मशीनला रामराम

घरात बसून किस्सा घडत न्हाई. चुलीपुढं कोण काय बोलतंय? किस्सा पाहिजे तर कचेरीच्या बाकड्यावर बसावं. एक कागद काढायला गेलं की दोन किस्से पदराला चिकटून घरी येतेत. कागद मिळो न मिळो, किस्सा मिळतोच. आन त्याची झेरॉक्सबी लागत न्हाई! माझ्याकडं आता एवढे जमलेत की ठेवायला जागा न्हाई, म्हून तुमच्या पुढ्यात टाकायले.

आमी तिघी. मी प्रयाग, तिसरी शिकल्याली. माझ्या शेजारची धुरपता, शाळेचं तोंड न बघितल्याली. आन मागच्या गल्लीतली जैबुन, तिचं अर्धं बोलणं मराठी, अर्धं हिंदी, पर शिव्या दोन्हीतल्या पूर्ण. तिघींचेबी मालक गेलेले. तिघींनाबी सरकारचा निराधारचा पगार. गाव आमचं नांदेड आन लातूरच्या शिवंवर. पाऊस लातूरवाले नेतेत, ऊन नांदेडवाले धाडतेत!

पगार चालू ठेवायचा तर दरसाली तालुक्याला जाऊन आपुन जिंदा हाव म्हून दाखवावं लागतं. मशीनवर अंगठा लावायचा. बस, एवढंच काम.

एवढंच!

* * *

धुरपतानं ती मशीन कवा बघितली न्हवती. पहिले तलाठ्यापुढं उभं राहिलं की भागायचं. मशीन आली त्या साली मी तिला लाईनीतच सांगितलं, "धुरपते, सरकारी मशीन हाय. आधी हात जोडून रामराम घालायचा, मग अंगठा लावायचा. न्हाईतर घेत न्हाई."

"खरंच?"

"मग! मी तिसरी शिकल्याली हाय."

नंबर आला. धुरपतानं चपला बाजूला काढल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हात जोडले आन त्या काळ्या डबीला म्हणली, "रामराम, साहेब."

अख्खी लाईन हसली. मशीनवाला गजानन टेबलावर डोकं टेकून हसायला. जैबुन तर खालीच बसली, "या अल्ला, मार डाली रे!"

धुरपता हसली न्हाई. माझ्याकडं बघितलं आन हळूच म्हणली, "ध्यानात ठेवते, प्रयागे."

टमटममधी गाव येईस्तोवर तोंड फिरवून बसली. उतरताना मातर माझी पिशवी तिनंच धरली. माझा गुडघा धरतोय ना, म्हून.

* * *

त्या साली मशीननं धुरपताचा रामराम घेतला, अंगठाबी कसातरी घेतला. पर औंदा घेईना. लाल दिवा.

गजानन म्हणला, "आजी, हात धुवून या." धुतला. लाल. "पदराला पुसा." पुसला. लाल. "खोबरेल लावा." जैबुननं आपल्या डोक्याचं तेल काढून तिच्या बोटाला लावलं. लाल! हा हात झाला, तो हात झाला. मी म्हणलं, "आता पायाचा लाव, तेवढाच राह्यला."

गजाननानं तिचं बोट उजेडाला धरलं. "आजी, बोटावर रेघाच न्हाईत हो."

"व्हत्या की," धुरपता म्हणली. जणू त्यानं चोरीचा आळ घेतला! "काई कापूस येचण्यात गेल्या. काई तव्यावर गेल्या."

मी म्हणलं, "रेघा वावरात पडल्यात, बाबा. तू मशीन घेऊन वावरात चल!"

सगळे हसले. गजानन म्हणला, "पुन्यांदा या. पर जानेवारीअखेरच्या आत व्हायला पाहिजे, न्हाईतर पगार बंद."

धुरपताचं तोंड उतरलं. तिला मूल न्हाई. भाचा हाय एक, पुण्याला. त्यानं फोनवर सांगून टाकलं व्हतं, "आत्या, पगार बंद पडला की मी तुझं काई ऐकणार न्हाई. घराला कुलूप लावायचं आन माझ्याकडं यायचं."

भाचा लई चांगला हाय. तीच तर मुश्किल! वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळ्या झालो असतो.

त्याचं घर चौथ्या मजल्यावर. घरी येताना धुरपतानं इचारलं, "प्रयागे, लिफ्टमधी उभं राह्यल्यावर पायाखाली काय असतंय?"

"काईच न्हाई. नुसता खड्डा."

"मग मी कशावर उभी राहू?"

मी लई हसले. घरी आले आन घासलेलीच भांडी पुन्यांदा घासत बसले.

* * *

मधीच एक गोड किस्सा ऐका.

आमच्या गावात समद्यांचा जन्म एक जानेवारीचा. खोटं सांगत न्हाई. आधार कार्ड काढणारा आला तवा त्यानं इचारलं, "जन्म कवाचा?" आता मला काय ठावं, मी तवा लई लहान व्हते! त्यानं सगळ्यांना एक जानेवारी टाकली. सालबी अंदाजानं. जैबुनचं साल तर असं टाकलं की तिचा थोरला पोरगा तिच्यापरीस मोठा झाला.

आमी म्हणलं, जैबुन, दुरुस्त कर. ती म्हणली, "काय को? अच्छा हुआ. वो बडा, मैं छोटी. अब ईद को वो मेरे कू ईदी देगा!"

तर धुरपताच्या अंगठ्यासाठी दुसरी खेप मारली, तो दिवस नेमका एक जानेवारी. गजानन एकेकाचं कार्ड बघायला आन त्याचं त्यालाच हसू येऊन राह्यलं. मी संधी सोडते व्हय? खिडकीतून ओरडले, "गजानना, आज सगळ्या लाईनीचा वाढदिवस हाय! पेढे आण!"

लाईनीतले म्हातारे पोरांवाणी चेकाळले. "आण, आण!"

गजानन उठला तो गेलाच. वाटलं, चिडला. पर थोड्या वेळानं खरंच पेढ्यांचा पुडा घेऊन आला. सगळ्यांना एकेक दिला. जैबुननं माझ्या तोंडात कोंबला, मी तिच्या.

धुरपतानं आपला पेढा पदरात गाठ मारून ठेवला. अंगठा त्या दिवशीबी लागला न्हाई ते न्हाईच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आली, हातात अर्धा पेढा.

"एवढा कशाला जपून ठेवलास?" मी म्हणलं.

"वाढदिवस कवा झाला न्हवता माझा," धुरपता म्हणली. "एका दिवसात कसा संपवू?"

* * *

तिसऱ्या खेपेला गजाननानं नवा अर्ज भरायला घेतला. "आजी, मालकाचं नाव?"

धुरपतानं पदर दातात धरला.

"आजी, नाव सांगा. नवऱ्याचं."

धुरपता भिंतीकडं बघायली. गजाननाला वाटलं, म्हातारी इसरली. मी म्हणलं, "तिला ठावं हाय, पर ती घेत न्हाई. उखाण्यात घेईल. लाईट बंद कर, पंखा बंद कर, सगळ्यांना गप कर!"

लाईनीतल्या बायांनी लगेच सूर धरला, "घ्या, घ्या, नाव घ्या!"

धुरपतानं काय करावं? बांगड्या वर सारल्या आन आख्खा हात खिडकीतून आत घातला. कोपराच्या खाली गोंदलेलं. तुळशीचं रोप आन त्याच्या बाजूला नाव. लगीन झाल्यावर माहेरी, धर्माबादकडं, गोंदून घेतल्यालं.

"वाच," ती म्हणली.

गजानन मान वाकडी करून वाचायला. हिरवं गोंदण पार फिकं झाल्यालं. एकेक अक्षर जुळवलं आन मोठ्यानं म्हणला, "माधवराव."

आता मी तिसरी शिकल्याली. तिच्या हातावरचं मला पाठ हाय. तिथं नुसतं 'माधव' हाय. 'राव' त्या पोरानं आपल्या मनानं लावलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तर धुरपताचा चेहरा बघितला. गालातल्या गालात हसायली, नवी नवरी जशी! मालक गेल्याला किती काळ झाला, गावात त्याला कुणी कवा राव म्हणलं न्हवतं.

म्या तोंड मिटलं. माझ्यासारखीनं तोंड मिटलं, हाच किस्सा हाय.

* * *

मोठ्या साहेबाला भेटा, असं सगळेच सांगायले. पर साहेब कवाबी मीटिंगला! आज नांदेडला मीटिंग, उद्या कुठं मीटिंग. आमी त्याच्या दाराशी बाकड्यावर बसलो. भूक लागली. फडकं सोडलं, भाकरी काढली, ठेचा काढला.

तेवढ्यात एक नवा माणूस आला. बारीक अंगाचा, शर्टाला घामाचे डाग, थकल्याला. दाराशी घुटमळायला. मी म्हणलं, "बस लेकरा. साहेब मीटिंगला गेलाय म्हणं. कुठली मीटिंग न् काय, पंख्याखाली झोपला असंल कुठं तरी. तू दोन घास खाऊन घे."

बसला की! भाकरी हातावर घेतली. ठेचा लागल्यावर नाकाडोळ्यांतून पाणी. तरी खायलाच.

"कुठला रे तू?"

"शिरूर अनंतपाळचा."

"आई हाय?"

"हाय. गावाकडंच ऱ्हाती."

"तिचा ठेचा जास्ती तिखट का माझा?"

"तिचा," म्हणला आन शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. तिखटानं पुसले का आन कशानं, ते मी इचारलं न्हाई.

एवढ्यात शिपाई पळत आला, "साहेब, तुम्ही इथं? सह्या राह्यल्यात!"

धुरपतानं माझ्या पोटरीला असा चिमटा घेतला! जैबुननं डबा झाकला, जसा काई ठेचाच पुरावा व्हता.

तो उठला, हात झटकले, दार उघडलं आन म्हणला, "या आजी. मीटिंग संपली."

* * *

त्याच साहेबानं सांगितलं, "बोट न्हाई लागत तर चेहरा घेऊ. गजानन, मोबाईलवर घे." महिनाअखेरचा दिवस. कचेरी बंद व्हायला आल्याली.

गजाननानं मोबाईल धुरपतासमोर धरला. "आजी, सरळ बघा आन डोळे मिचकावा."

"कुणाला?"

"मला. म्हंजे, मोबाईलला."

धुरपतानं पदर कपाळावर ओढला आन नजर भुईला लावली. "मी असलं कवा केलं न्हाई."

"आजी, मिचकावल्याशिवाय मशीनला जिंदा माणूस कळत न्हाई. फोटो हाय का माणूस, ते बघतंय ते."

"मालकाला मिचकावले न्हाईत कवा. परक्या माणसाला मिचकावू? ह्या वयात?"

झालं! साहेबानं समजावलं. न्हाई. जैबुननं करून दाखवलं, "ऐसे, माय, ऐसे," तर मोबाईल तिच्याकडं वळल्याला, तिचाच चेहरा घ्यायला लागला. म्या तर माझं समदं भांडार उघडलं. टमटमवाल्याची नक्कल केली. सरपंचाच्या बायकोची चाल करून दाखवली. शिपाई हसून बेजार. धुरपता जमिनीकडंच.

गजानन घड्याळ बघायला. "आजी, नेट जाईल. आज न्हाई झालं तर माझ्या हातात काई ऱ्हात न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढं तिचं दार आलं. कुलूप लावल्यालं.

"धुरपते," मी म्हणलं, "मिचकाव की, माय. तू पुण्याला गेलीस तर मी सकाळी उठून कुणाशी भांडू? त्या जैबुनशी? ती तर दोन शब्दात रडती."

"मैं कब रोई?" म्हणून जैबुन रडायला लागली.

मला पुढं बोलता येईना. एवढ्या वर्षांत गावानं माझी बोलती बंद झाल्याली बघितली न्हवती. मी गजाननाच्या मागं जाऊन उभी राह्यले आन नुसते हात जोडले. धुरपताला जोडले का त्या मोबाईलला, माझं मलाच कळलं न्हाई.

धुरपतानं मान वर केली. कपाळावरचा पदर मागं सारला. माझ्या जोडलेल्या हातांकडं बघितलं, चांगलं निवांत बघितलं. मग मोबाईलकडं बघून दोन्ही डोळे मिचकावले. एकदा. अजून एकदा. असे झ्याक, जसं काई घरी आरशापुढं बसून शिकून आल्याली!

हिरवं!

"जिंदा!" गजानन ओरडला. "आजी जिंदा हायत!"

साहेब हसले, शिपाई हसला, जैबुननं धुरपताच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी आपली पदरानं नाक पुसत बसले.

पायऱ्या उतरताना धुरपतानं माझी पिशवी आपल्या हातात घेतली, माझ्या कानाशी आली आन म्हणली,

"आधी हात जोडायचे, मगच मशीन घेती. तूच शिकवलंस न्हवं, प्रयागे?"