झेंड्यावरची काळी टोपी

मालेफाला तिच्या स्वतःच्या नावाने कोणी हाक मारत नसे. लेसोथोत पहिलं मूल झालं की बाईला त्याची आई म्हणूनच ओळखायचं. लेफा झाला आणि ती मालेफा झाली. पुढे लेफा सरहद्दीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत उतरला. दरड कोसळली, तो वर आलाच नाही. गावाने त्याची घोंगडी पुरली. नाव तेवढं तिच्याकडे उरलं.

दुखवट्याची काळी पट्टी तिच्या खांद्यावर तशीच राहिली. खरं तर वर्षाच्या आत भावाने मेंढरू कापायचं, नवे कपडे आणायचे आणि ती उतरवायची. तिचा भाऊ सेखोबे दर हिवाळा सरला की विचारायचा.

"ताई, मेंढरू म्हातारं झालं. आता त्याचाच दुखवटा धरावा लागेल."

"मी काढली तर लेफासाठी काळं कोण घालील?" म्हणत ती टोपी विणत राहायची. डोंगरासारख्या टोकदार, गवताच्या टोप्या. त्यावरच तिचं पोट होतं.

स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा लेसोथोचा झेंडा बदलला. ढाल गेली, भाला गेला. शाळेपुढे नवा चढला. निळा, पांढरा, हिरवा, आणि मधोमध टोपी. तीच टोपी, पण काळी. काळी टोपी मालेफाने जन्मात विणली नव्हती. ती बराच वेळ वर बघत उभी राहिली.

"मेंढरू आण," घरी येऊन ती सेखोबेला म्हणाली.

मेंढरू कापलं. बायकांनी पट्टी सोडून जाळायला बाजूला ठेवली, तिला नवा निळा झगा घातला. मालेफाचा हात सारखा खांद्याकडे जात होता. सेखोबेची मुलगी लिनेओ शाळेत शिकवायची. जेवताना तिने विचारलं, "आत्या, इतकी वर्षं ऐकलं नाहीस. मग आजच कशी?"

"आता मी एकटी नाही. देशानेच काळं घातलंय. खाणीत गेलेल्या पोरांसाठी."

लिनेओ काही सांगायला गेली. सेखोबेने डोळे वटारले.

"बोल," मालेफा म्हणाली.

"निळा म्हणजे पाऊस, आत्या. पांढरा शांतता, हिरवा पीकपाणी. काळा म्हणजे आपण. आफ्रिकेची माणसं."

"म्हणजे दुखवटा नव्हे."

"नाही."

"हिला पगारच बोलायचा मिळतो," सेखोबे पुटपुटला.

मालेफाने हात धुतले. बाजूला पडलेली पट्टी आणि टाचणी लिनेओच्या हातात देऊन तिने खांदा पुढे केला.

झग्याचं कापड कोरं, कडक होतं. टाचणी आत जाईना.

"दाब," मालेफा म्हणाली.