रिसीव्ह्ड आणि ॲक्सेप्टेड

वाघमारे गुरुजींना चहा दिला की ते कप समोर ठेवून म्हणत, "रिसीव्ह्ड." मग एक घोट घेत, डोळे मिटत आणि जमला असेल तरच म्हणत, "ॲक्सेप्टेड." एकदा आमच्या घरचा चहा रिसीव्ह्डवरच अडकला. आई वैतागली, "गुरुजी, साखर कमी हाय तर सरळ सांगा की!"

वडवणीकडच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या बौद्ध वस्तीचे अर्ज लिहीत. खरं तर एकच अर्ज, दरवर्षी नव्याने : वस्ती आणि स्मशानभूमीच्या मधल्या ओढ्यावर पूल द्या. त्यांच्या बायकोची तिरडी त्याच पाण्यात कलंडली होती. ते हसून म्हणत, "माझ्या टायमाला तरी तुमचे पाय कोरडे राहू द्या बे."

आम्ही पोरं तापलो. पत्रकं वाटली, तहसील कचेरीसमोर उपोषणाला बसलो. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः मंडपात आला. अर्ज घेतला, 'पूल होऊन जाईल' म्हणाला, आमच्या प्रतीवर इंग्रजीत निळा शिक्का मारून सही केली. साहेब उठून आमच्यापर्यंत आला, एवढ्यानेच आम्ही विरघळलो. मी उपोषण सोडलं, पत्रक काढलं, 'मागणी मान्य!' वस्तीत हलगी वाजली.

गुरुजींनी तो शिक्का डोळ्यांजवळ धरून वाचला. "काय बे पुढारी, काहून उठलास? हे रिसीव्ह्ड हाय. त्याला कागद मिळाला, एवढंच. ॲक्सेप्टेड कुठाय?"

"साहेबानं शब्द दिलाय, गुरुजी."

"मग त्यो कागदावर काहून न्हाई?"

म्हाताऱ्याला आनंद बघवत नाही, असं मी चारचौघांत बोललो. गुरुजींनी कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि घरी गेले.

साहेबाची बदली झाली. नवा म्हणाला, नव्याने अर्ज करा. पुन्हा मंडप टाकला, तर बसायला चारच माणसं. बाकीची वस्ती ऊसतोडीला गेलेली.

गुरुजी गेले ते भर श्रावणात. ओढ्याला कमरेच्या वर पाणी. पुढचा खांदा माझा होता. मागून कुणीतरी ओरडलं, "सांभाळ, कलंडंल!" कलंडली नाही, इतकंच. त्या रात्री पत्रकात मला सरकारला शिव्या घालायच्या होत्या. घातल्याही. पण उपोषणातून उठलो होतो मी, हे त्यात लिहायची हिंमत झाली नाही.

परवा पुन्हा अर्ज दिला. शिक्का मारून कारकून म्हणाला, "झालं तुमचं काम."

"न्हाई झालं," मी म्हणालो. "तुम्हाला कागद मिळाला, एवढंच."

त्याने माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.