बर्फ गेला

मासळी बाजारासमोरच्या टपरीवर मी चहा पीत होतो. टीव्हीवर दोन तज्ज्ञ हमरीतुमरीवर आले होते. ध्रुवावरचा समुद्री बर्फ वर्षानुवर्षं कमी होतोय, असं एकाचं म्हणणं. दुसरा टेबलावर हात आपटत विचारत होता, "पण यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे, त्याचं काय?"

बाबांच्या शेवटच्या आजारात मी आणि धाकटा भाऊ असेच भांडायचो. "आज अर्धी पोळी जास्त खाल्ली त्यांनी," तो ठासून सांगायचा. ती अर्धी पोळी खरीच असायची. सदरा मात्र महिन्यागणिक अंगावर सैल होत चालला होता. आणि खोटं कशाला बोलू, भांडता भांडता मलाही ती अर्धी पोळी हवीच असायची.

समोर एका कोळीणमावशींनी सुरमईवरचं ओलं गोणपाट उचललं. सकाळी घातलेल्या बर्फाचं नुसतं पाणी फळीवरून ठिबकत होतं.

"बरफ गेला गो," त्या शेजारणीला म्हणाल्या.

भाऊही फोनवर एवढंच म्हणाला होता, "बाबा गेले."

टीव्हीवर अजून अर्ध्या पोळीचा वाद चालू होता.