पायाळू पोरीची पाठ

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात सात माणसं पालथी पडली होती. हसू नका, त्यात तुमच्यापैकी काहीजण होते. नरखेड तालुक्यातल्या आपल्या त्या एवढ्याशा गावात मी एकटीच पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी बी.एड.साठी नागपूरला निघाले म्हटल्यावर ज्याची दुखत होती तो आला, आणि ज्याची दुखत नव्हती तोही आला, पुढची सोय म्हणून. डाव्या पायाचा अंगठा कमरेला लावायचा, तीनदा हलकं दाबायचं आणि विचारायचं, "गेली का?" खालच्यानं "गेली" म्हणायचंच. नाही म्हटलं तर उसण उलटते म्हणे! मग मोठ्या माणसाला पाय लावला म्हणून वाकून नमस्कार.

बाबा शेवटचे. तेही घरी नाही, फाट्यावर. एसटी हॉर्न वाजवून राहिली होती, आई म्हणत होती, "आता जाऊ द्या ना तिले, बस निघून जाईन." पण बाबा फाट्यावरच्या ओट्यावर आडवे झालेच. कंडक्टर, ड्रायव्हर, सगळी बस खिडक्यांतून बघत होती. मी घाईघाईनं अंगठा लावला. "गेली का?" "गेली," बाबा म्हणाले, तोंड खालीच ठेवून. बस हलली तरी ते उठले नाहीत. मला लाजही वाटली आणि रागही आला. असा निरोप देतात का कोणी?

त्याला चौदा वर्षं झाली. आता मी नागपूरच्या प्रताप नगरात राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शाळेत शिकवते, नवरा कंपनीत, एक जुनी छोटी गाडी आहे. स्टाफरूममध्ये माझ्या अंगठ्याची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पण गावानं मला सोडलं नाही. "बाई, उसण भरली वं. कवा येतं?" बाबांचा हा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचाच. संत्र्याच्या क्रेट उचलून उचलून त्यांची कंबर कामातून गेली होती. मी काटोलमार्गे तीन तास धक्के खात जायची, अंगठा लावायची, ते "गेली" म्हणायचे, चहा घेऊन मी परत. आई सांगायची, "पायाळू पोर घरची नसते, गावाची असते." आई गेली आणि फोन वाढले. खरं सांगते, कंटाळा आला होता मला. फोनवर 'बाबा' हे नाव दिसलं की आधी माझीच कंबर दुखायला लागायची.

मग गेल्या हिवाळ्यात खरंच दुखली. सिग्नलला गाडी थांबवून उभी होते आणि मागून एका मोठ्या गाडीनं ठोकलं. फार जोरात नाही. बंपर चेपला, तो माणूस सॉरी म्हणाला, मीही "जाऊ द्या, काही नाही झालं" म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. मानेपासून कमरेपर्यंत सगळी पाठ फळीसारखी. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, स्नायूंना झटका बसलाय म्हणाले. गोळ्या झाल्या, शेक झाला, दुखणं हललं नाही. शेवटी शाळेतल्या एका मॅडमनी कायरोप्रॅक्टरचं नाव सुचवलं. मणके आणि सांधे हातानं दाबून मोकळे करणारा डॉक्टर. त्यांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, एक्स-रे पाहिला, मग तोंडापुरतं भोक असलेल्या टेबलावर मला पालथं झोपवलं. सगळ्या गावाला पालथं पाडणारी मी, आणि माझ्यावर ही पाळी! हसावं की रडावं कळेना. दोनदा गेल्यावर मान थोडी सैल झाली, एवढंच.

इकडे बाबांचे फोन चालूच. परीक्षा आहेत, पाहुणे आहेत, अशा थापा मारत मी सहा आठवडे काढले. एक दिवस मात्र डोकं फिरलं. "बाबा, माझीच पाठ गेलीय! गाडीला ठोकलं मागून. मलाच उठता येत नाही, तुम्हाला कुठून पाय लावू? आणि माझ्या पाठीला कोण लावणार?" पलीकडून एवढंच, "काहून नाही सांगतलं वं?" आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात. पिशवीभर संत्री घेऊन तीन जिने चढलेले, घामानं निथळलेले. जिन्यात त्यांची उजवी चप्पल फरफटत आल्याचा आवाज मी आतून ऐकला होता. वय झालं, असं मनात म्हटलं आणि पाणी आणायला गेले.

संध्याकाळी ते हट्टानं क्लिनिकमध्ये आले, कोपऱ्यात खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी पाठ दाबली, सोडली आणि विचारलं, "आता कसं वाटतंय?" तोंड त्या भोकात, पाठ चांगलीच ठणकत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "गेली."

"खोटं नोको बोलू वं," बाबा म्हणाले. "डॉक्टरले खरं सांग. म्या चौदा वर्सं खोटं बोललो. माही एकडावही नाही गेली."

मी ताडकन उठायला गेले आणि कळवळले. "मग म्हणायचं नाही का बाबा?"

"तू तीन घंटे एसटीत धक्के खाऊन येत होती. नाही गेली म्हणून तुले वापस कसा धाडू?"

डॉक्टरांनी माझं सोडून त्यांच्याकडे पाहिलं. टाचांवर चालून दाखवा म्हणाले. बाबांच्या उजव्या पायाचा पंजा वर उचललाच जाईना. डॉक्टर एकदम गंभीर झाले. "यांना मी हात लावणार नाही. आधी एमआरआय काढा, उद्याच सर्जनला दाखवा." एमआरआयमध्ये दिसलं, कमरेत नस दबली होती, आजची नाही, कधीची. आधी आणलं असतं तर, असं सर्जन बोलता बोलता म्हणून गेले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी दर वेळी त्याच कमरेवर अंगठा ठेवत होते, "गेली" ऐकत होते आणि परतीच्या बसची वेळ बघत होते. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

ऑपरेशन झालं. पाय अर्धा परत आला, उरलेला येईल की नाही ते सांगता येत नाही म्हणतात. संत्र्याची बाग शेजारच्यांना अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर दिली, घराला कुलूप आहे. ज्यांनी कधी गाव सोडलं नाही ते बाबा आता माझ्या गॅलरीत काठी टेकत फेऱ्या मारतात आणि खालच्या गाड्यांना शिव्या घालतात. त्यांना इथं करमत नाही. मलाही चौदा वर्षांत पुरतं कुठं करमलं?

तुम्ही फोन करता, सुटीत ये, पाय लावून जा. मी लावणार नाही. डॉक्टरकडे जा, पायाला मुंग्या येत असतील तर आजच जा. शहराची झाली, शिष्ट झाली म्हणा, मला आता भांडायचं त्राण नाही. घर कुठं म्हणून विचाराल तर तेही मला नीट सांगता येणार नाही. गावात कुलूप आहे आणि इथं न करमणारे आम्ही दोघं बापलेक.

काल शाळेतून आले तेव्हा मान भरून आली होती. बाबा खुर्चीत बसले होते. "कसं आहे बाबा?" मी सवयीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत निघाले.

"दुखून राहिलं वं," ते म्हणाले.

मी वळले. पर्स खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

"माझंही, बाबा."